सकाळी येणारं उत्तर

१२ फेब्रुवारी

ताई,

पाकीट उघडल्या उघडल्या तू आधी खाली सही बघितली असशील. हो, मीच. आणि घाबरू नकोस, कुणी गेलंबिलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, म्हणजे त्यांच्या मते. हृदयाच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण आपल्या घरात डॉक्टरांना विचारतो कोण?

तुझ्या आधी सीमेवरच्या नाक्यावर जे कोणी हे पत्र उघडून वाचणार आहेत, त्यांनाही माझा नमस्कार. वाचून झालं की नीट चिकटवा हो. मागचं पाकीट अर्धं फाटलेलं आलं होतं.

बातमी अशी की तुमच्या आणि आमच्या सरकारांची बोलणी सुरू होताहेत. (बघ, 'तुमच्या' आणि 'आमच्या' असं लिहून गेलो. तू तिकडची कधी झालीस ते मला अजून कळलेलं नाही.) करार झाला तर दोन्हीकडे नातेवाईक असलेल्यांसाठी नाका उघडणार. पास दाखवला की झालं! म्हणजे तू येऊ शकशील. मोबदल्यात आमच्या युद्धनौकांना तुमच्या बंदरात थांबायला जागा पाहिजे. ते तुमच्याकडे अवघड जाणार, पण बोलायला बसले आहेत हे काय कमी आहे?

आणि ऐक, दुभाषी म्हणून मला घेतलंय! तू गेल्यावर तुझी पुस्तकं कपाटात पडून होती, तीच वाचून मी तुमची भाषा शिकलो, आठवतंय ना? तेव्हा बाबा म्हणायचे, हा दिवटा नको तेच शिकतो. आता साहेब म्हणतात, खात्यात तुमच्यासारखी ही भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही. केवळ भाषेवर निवड झाली माझी.

तुमच्याकडून दुभाषी म्हणून भावोजी येणार असं ऐकतोय. मजाच आहे. टेबलाच्या अलीकडे मेहुणा, पलीकडे भावोजी, आणि दोघांनी ओळख दाखवायची नाही. लग्नात कान पिळायचा राहिला होता, तो आता दोन देशांच्या साक्षीने पिळून घेतो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या लोकांशी करार? कशाला? उद्या सकाळी फिरतील." अजून तेच गं. तुझ्या सासऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले होते, ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. 'लग्नानंतर जावई इथेच राहू दे, चष्म्याचं दुकान त्यालाच देतो,' असं बाबा म्हणाले, सासरे उठले, दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. बाबांनी त्याच संध्याकाळी गल्लीभर तोंड गोड केलं, वरच्या खोलीसाठी रंगाऱ्याला सांगून आले. आणि सकाळी तुझी आत्तेसासू दारात. एकुलता एक मुलगा आहे, घर सोडून येणार नाही, मुलीनेच आमच्याकडे यावं. बाबांची गल्लीत जी शोभा झाली ती झाली. लग्नाला आले नाहीत ते नाहीतच.

तू नंतर मला लिहिलं होतंस की तुमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. अवघड काही मागितलं की घरातलं मोठं माणूस उठून दोन्ही हात धरतं. म्हणजे होकार नाही, नकारही नाही. तुमचं म्हणणं मनापासून ऐकलं, आज रात्री त्यावर विचार करतो, इतकंच. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही तिसऱ्या माणसाकडून, म्हणजे कुणाला कुणासमोर लाजायला नको. किती छान लिहिलं होतंस. बाबांना समजावून सांग असंही लिहिलं होतंस.

सांगायचं आहे. त्यांचा मूड बघून सांगेन म्हणतो.

तुझा,
धाकटा


३ मार्च

ताई,

हे पत्र भावोजींच्या हाती देतोय, तेव्हा नाक्यावरच्या वाचकांना या वेळी सुट्टी.

पहिल्या दिवशी दोन्ही शिष्टमंडळं समोरासमोर उभी राहिली तेव्हा भावोजी मला म्हणाले, "नमस्कार. आपण?" मीही म्हणालो, "नमस्कार. आपण?" एवढ्या गंभीर चेहऱ्याने की मला हसू आवरेना. नंतर बाहेर हात धुवायला गेलो तर शेजारच्या नळावर तेच. न बघता म्हणतात कसे, "पोट सुटलंय तुमचं." केस पांढरे झाले गं त्यांचे. मी म्हणालो, "ताई नीट जेवायला घालत नाही वाटतं?" तेवढ्यात आमच्यातले एक जण आत आले आणि आम्ही दोघांनीही नळ बंद करून पुन्हा एकमेकांना नमस्कार केला.

दुभाष्याला टेबलाशी जागा नसते, माहीत आहे ना? आपापल्या साहेबांच्या खांद्यामागे खुर्ची. सगळे जेवतात तेव्हा आपण बोलायचं, कारण खरी बोलणी जेवतानाच होतात. ताट नाही, पाण्याचा पेला मांडीवरच्या वहीशेजारी कसाबसा टेकवायचा. मी खिशात बिस्किटं नेतो. काल भावोजींनी बघितलं तर त्यांच्याही खिशातून पुडा निघाला. दोन सरकारं पोटभर जेवताहेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं ज्यांच्यावर अवलंबून आहे ते दोघे उपाशी.

आमची माणसं तुमच्यावर वैतागलेली आहेत. सकाळी बसलं की तुमचे प्रमुख, ज्यांना तुमच्याकडचे सगळे आजोबा म्हणतात, ते आधी प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी करतात. आमच्या साहेबांची आई कशी आहे, झोप लागते का. साहेब घड्याळ बघतात. बाहेर आल्यावर म्हणतात, "वेळकाढूपणा आहे हा सगळा, पक्की लबाड माणसं." आणि भावोजी सांगत होते, तुमच्याकडे आमच्याबद्दल काय बोलतात ते. म्हणे या लोकांना कुणी वाढवलंय की नाही? आल्या आल्या कागद पुढे सरकवतात, जसं काही घरमालक भाडं मागायला आलाय. मला दोन्हीकडचं पटतं, हीच माझी पंचाईत. दिवसभर दोघांच्या तोंडचं बोलून बोलून संध्याकाळी माझं स्वतःचं मत कुठलं तेच सापडत नाही.

तरी काम पुढे सरकतंय. नाक्याचं कलम जवळपास ठरलंय, ताई! दोन्हीकडे मान्य. आता बंदराचं तेवढं राहिलं.

भावोजींनी परवा मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बंदराचं विचारतील तेव्हा आजोबा उठून हात धरणार. मला काही बोलता येत नाही, दुभाष्याने शब्दांपलीकडे बोलायचं नसतं. पण तुम्ही तुमच्या साहेबांना आधीच सांगून ठेवाल ना, की सकाळपर्यंत थांबा म्हणून? नाहीतर तुमच्या वडिलांचं झालं तसं व्हायचं." मी म्हणालो, "म्हणजे काय, सांगणारच. घरचंच माणूस आहे मी."

तू पाठवलेला स्वेटर बाबांना दिला. दोन दिवस खुर्चीवर पडला होता. काल बघतो तर अंगात. म्हणाले, "तिच्याकडे थंडी फार दिसते, चांगली जाड वीण घालते." तुझ्याबद्दल इतक्या वर्षांत बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून जसंच्या तसं कळवतोय. अजून काढलेला नाही, झोपतातही तसेच.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही. सांभाळून राहिले तर वर्ष निघेल. बाबांना हे माहीत नाही. तू यावंस, ताई. नाका उघडला की पहिल्या दिवशी ये.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ताई,

पेपरात आलंय ते मनावर घेऊ नकोस. पेपरवाले काय, तिखटमीठ लावणारच.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल. आमच्याकडेही गोंधळच आहे. नाका आता पूर्ण बंद केलाय, आधी आजाऱ्यांना सोडायचे, तेही थांबवलंय असं ऐकलं. पण हे काही दिवसांचं असतं. तापलेलं वातावरण आहे, निवेल.

आजोबांनी साहेबांचे हात धरलेला फोटो तुमच्याकडेही छापून आला असेल. तो फोटोग्राफर तिथे कसा आला, मला माहीत नाही. जेवणाच्या खोलीत फोटो काढत नाहीत, पण असतील आले कुठून तरी. आणि साहेबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की बंदराचं ठरलं. उत्साहाच्या भरात केलं असणार. मग सकाळी तुमच्या शिष्टमंडळातली सचिवबाई निरोप घेऊन आली की बंदर देता येणार नाही, क्षमस्व, नाक्याबद्दल मात्र आम्ही तयार आहोत. तोपर्यंत पेपर घरोघर गेले होते. आता इथे चहाच्या टपरीवरसुद्धा हाच विषय. हातात हात घेऊन शब्द फिरवला म्हणतात. साहेबांनी तर भाषणात म्हटलं की अशा माणसांशी करार करण्यापेक्षा न केलेला बरा. दुभाषी म्हणून तुला एवढं सांगू शकतो की वाक्यं मी सगळी बरोबर सांगितली. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

बाबा खूश आहेत. फोटो कापून आरशाच्या कडेला खोचलाय. येईल त्याला दाखवतात, "मी म्हणत नव्हतो? डिट्टो तिच्या सासऱ्यासारखा हात धरलाय बघा." मी काही बोललो नाही. त्यांना फार बोलून दम लागतो.

मला वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी आहे. उगाच लिहिलं, तुला त्याचं काय.

भावोजी कसे आहेत? शेवटच्या दिवशी बोलायला वेळ मिळाला नाही. घाई होती सगळ्यांनाच.

दोन ओळी तरी लिही.

धाकटा


७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांना बघायला ज्या नर्सबाई येतात त्यांच्या भावाचा ट्रक तिसऱ्या देशातून फिरून तुमच्याकडे जातो, त्याच्या हाती हे पाठवतोय. पोस्टात टाकायची हिंमत नाही.

तू चारच ओळी लिहिल्यास. भावोजींना कामावरून काढलं. त्यांचा मेहुणा समोर बसला होता हे कुणीतरी शोधून काढलं आणि आता सगळे म्हणतात की आपल्याकडची घरातली रीत यानेच तिकडे सांगितली, म्हणूनच फोटोवाला तयार होता. शाळेत भाचीच्या शेजारी कुणी बसत नाही. आणि खाली एकच प्रश्न. तूच सांगितलंस का?

हो. मी सांगितलं.

मागच्या पत्रातलं निम्मं खोटं आहे. पहिल्या पत्रातलंही. केवळ भाषेवर निवड झाली नाही माझी. अर्जात मी स्वतःहून लिहिलं होतं की माझी बहीण तिकडे दिलेली आहे, त्या घरांची आतली रीतभात मला ठाऊक आहे. ती जागा मला फार हवी होती. बावीस जणांच्या खोलीत बसून जकातीचे नियम भाषांतर करत करत मी म्हातारा होणार होतो.

बंदराच्या विषयाच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. भावोजींना दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता, खरंच होता. मी म्हणालो, "साहेब, ते हात धरतील, पण तो होकार नाही. सकाळपर्यंत थांबा." इथवर मी कबूल केल्याप्रमाणेच वागलो बघ. साहेब पुढे वाकले. म्हणाले, "पण दिसतो होकारासारखा?" मी म्हणालो, "हो, कुणालाही वाटेल." मग त्यांनी विचारलं, "लगेच धरतात की वेळाने? एका हाताने की दोन्ही? किती वेळ सोडत नाहीत?" आणि मी सांगत गेलो, ताई. एवढ्या मोठ्या माणसाने कधी नव्हे ते माझं बोलणं कान देऊन ऐकलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी उभा राहून हात कसे धरतात ते करून दाखवलं. त्यांचे हात हातात घेऊन.

ते म्हणाले, "एकदा जगाला फोटो दिसला की नाही म्हणायची त्यांची छाती होणार नाही." मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. मी हिशोब केला, त्यांना लाजेकाजेस्तव हो म्हणावं लागेल, करार होईल, नाका उघडेल, तू घरी येशील, बाबा जाण्याआधी तुला बघतील. म्हणजे सगळ्यांचं भलंच की! असा साळसूद विचार करत घरी आलो आणि छान झोपलो. तू मला शहाणा समजायचीस ना? तुमच्या माणसांच्यात राहून, त्यांचं मीठ खाऊन तुला जे कळलं होतं त्यातलं मला काडीइतकं कळलं नव्हतं. पेचात धरलं की हो म्हणतील, असं मी त्यांच्याबद्दल ठरवून टाकलं. बाबांनी निदान न समजून त्यांना लबाड ठरवलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. फोटोग्राफर कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीमागे उभा होता, वाढप्यांचे कपडे घालून. साहेबांनी बंदराचं विचारलं. मी भाषांतर केलं. आजोबा उठले आणि टेबलाला वळसा घालून आले. त्यांचा गुडघा दुखतो, हळू चालतात. त्यांनी साहेबांचे हात धरले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, कारण नाही म्हणावं लागणार हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. सांगितलंत ना? एवढंच त्या नजरेत होतं. मी मान हलवली. हो म्हणून.

आणि मग मला दिसलं की माझा कोपर फोटोत येतोय. मी खुर्ची मागे घेतली.

तेवढं पचत नाही मला, ताई. बाकी सगळ्याला काही ना काही कारण देता येतं. खुर्ची मी कशाला मागे घेतली? फोटो चांगला यावा म्हणून.

तू ती रीत मला लिहिलीस ती बाबांना सांगावी म्हणून. घरातलं भांडण मिटावं म्हणून. मी ती बाबांना सांगितली नाही. इतकी वर्षं मूड बघत बसलो. खरं कारण तुला सांगू? बाबा तुझ्यावर रागावलेले असले की घरात चांगला मुलगा मी एकटाच उरायचो. आणि साहेबांनी मात्र एकदा विचारलं की लगेच सगळं ओकलो.

हे पत्र वाचून जाळून टाक. ते कुणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी जाईलच, वर सरकारी गुपित फोडलं म्हणून आत टाकतील. भावोजींना तोंडी सांग. त्यांच्या पाया पडतो म्हणावं.

धाकटा


२८ एप्रिल

ताई,

परवा बाबांना सांगितलं. सगळं. तुझं जुनं पत्र कपाटातून काढून वाचून दाखवलं, आणि मग मी काय केलं ते सांगितलं.

ते आरशासमोर दाढी करत होते. अर्धी झाली होती, अर्धा गाल तसाच साबणाचा. ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "म्हणजे ती बाई सकाळी आली ती मला लाज वाटू नये म्हणून आली?" मी म्हणालो, हो. "आणि मी तिला दारातूनच घालवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही." गालावरचा साबण वाळून गेला. मग फोटो आरशावरून काढला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले, केराच्या टोपलीत नाही टाकले.

"माझी पोरगी," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी आईच्या वेळीही बघितलं नव्हतं. मला जवळ जाता येईना.

संध्याकाळी मला समोर बसवलं. म्हणाले, "मी चुकलो ते गल्लीत चुकलो. मी गल्लीत घरोघर जाऊन सांगीन. तू पेपरात चुकलास. तू पेपरात सांग."

मी त्यांना समजावलं की खात्याची परवानगी लागते, नियम असतात. ते म्हणाले, "मग माग परवानगी."

काल गेलो साहेबांकडे. तुला वाटेल तेवढा बाणेदारपणा केला नाही, आधीच सांगतो. उभ्या उभ्या म्हणालो, "साहेब, त्या फोटोचा अर्थ लोकांना चुकीचा कळलाय, आपण एक खुलासा दिला तर बरं होईल." साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. म्हणाले, "तुम्ही दुभाषी आहात. दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं." मी म्हणालो, "बरोबर आहे, साहेब." दार हळू लावून बाहेर आलो. आणि खोलीत येऊन बसलो, तीच ती खिडकीवाली.

घरी बाबांनी विचारलं, "दिलंस?" मी म्हणालो, देतो. ते म्हणाले, "बरं."

आज सकाळी तोच स्वेटर घालून, एवढ्या उकाड्यात, काठी घेऊन निघाले. गल्लीतल्या प्रत्येक दारी गेले. म्हणे, माझ्या मुलीच्या सासऱ्यांनी मला फसवलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं, मला समजलं नव्हतं. निम्म्या लोकांना ती गोष्ट आठवतही नव्हती. जी नवी राहायला आलीत त्यांनी तर हा म्हातारा कुठल्या मुलीबद्दल बोलतोय असं तोंड केलं. बाबा दम खात प्रत्येक जिना चढले. मी घराच्या खिडकीतून बघत होतो. सोबत गेलो नाही. मला कुणी विचारलं असतं तर?

दुपारी ते नाक्याच्या कार्यालयात जाऊन आले, नर्सबाईंना घेऊन, मला न सांगता. खूप आजारी आणि म्हातारे असतील त्यांना आता एक सवलत आहे. एका बाजूने जाता येतं. परत मात्र येता येत नाही, नाका पुन्हा उघडेपर्यंत. आणि तो कधी उघडेल, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी म्हणालो, "बाबा, डॉक्टरांनी एक वर्ष म्हटलंय." ते म्हणाले, "माहीत आहे. तुझा चेहरा बघून कळलं होतं. तेवढं तिच्याकडे काढतो."

धाकटा


१४ मे

ताई,

हे बाबांच्या पिशवीत ठेवतोय, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्या घरात असतील.

पांढरी गोळी सकाळी जेवणाआधी. ती ते जिभेखाली दाबून ठेवतात आणि बेसिनमध्ये थुंकतात. दिली की दोन वाक्यं बोलायला लाव, म्हणजे कळतं. लाल गोळी रात्री, ती आवडीने घेतात, गोड आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण कबूल करत नाहीत, नुसतं हो हो म्हणतात. उजव्या बाजूला बसत जा. मीठ कमी घाल. तुझ्या सासूबाईंना सांगतील की इथे मुलाने उपाशी मारलं, तर मनावर घेऊ नका. जिना चढताना हात धरलेला चालत नाही. मागे राहायचं.

त्यांना तुमच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. गेले आठ-दहा दिवस तुझं जुनं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसत होते. मला म्हणाले, "माझं चुकलं, मला माफ करा, हे त्यांच्यात कसं म्हणतात?" मी शिकवलं. जीभ वळेना. मी म्हणून दाखवायचो, ते माझ्यामागून म्हणायचे, पुन्हा मी, पुन्हा ते. आता बऱ्यापैकी येतं. तुझ्या सासऱ्यांसमोर म्हणायचं आहे त्यांना. उच्चारांना कुणी हसू नका, एवढं माझ्यासाठी कर.

शिकवताना ते वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, गणती नाही. दुसऱ्यासाठी म्हणायचं असलं की किती सहज येतं मला.

पेपरात मी दिलेलं नाही, ताई. तीनदा लिहून फाडलं. मी धीट नाही, आणि आता होईन असंही वाटत नाही. पण सात एप्रिलचं पत्र जाळ म्हणालो होतो, ते जाळलं नसशील तर भावोजींना दे. त्यांनी ते त्यांच्या कचेरीत दाखवावं, पाहिजे तर छापावं. खाली नुसतं 'धाकटा' आहे, म्हणून यासोबत एक कागद ठेवलाय, त्यावर माझी पूर्ण सही आणि हुद्दा आहे. इथवर बातमी आली की जे व्हायचं ते होईल. आणि भाचीला सांग, तिच्या बाबांनी कुणाला काहीही सांगितलं नव्हतं. ते मामाचं काम.

मला उत्तर लिहू नकोस. म्हणजे लिहावंसं वाटलं तर लिही. नाही, नकोच.

बाबांची तयारी झाली आहे. एक पिशवी, काठी, आणि अंगात स्वेटर. नर्सबाई खाली गाडी घेऊन थांबल्या आहेत, त्याच नाक्यापर्यंत सोडणार. मी कालपासून रजा टाकून बसलो होतो. सकाळी बूट घालायला लागलो तर बाबा म्हणाले, "तू येऊ नकोस."

मी म्हणालो, "का, बाबा? पलीकडे जाईपर्यंत उभा राहतो नुसता. ताई दिसली तर लांबून बघेन."

ते म्हणाले, "तिथे त्यांची माणसं असणार. कुणीतरी विचारेल, हे कोण तुमच्यासोबत. मी काय सांगू?"

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच विचारायचं होतं. माझ्याकडे बघत थांबले, मी काहीतरी सुचवीन म्हणून. दोन भाषा येतात मला, पण एकीतही सांगता आलं नाही. मी माझे बूट काढले, खाली बसलो आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.